विश्लेषण : १९७२ चा दुष्काळ आणि वसंतराव नाईक... सरकारी मदतीची महाराष्ट्राची पद्धत कशी घडली?

१ जुलै हा दिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून पाळला जातो. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचा हा जन्मदिवस. संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे, कापूस एकाधिकार खरेदी अशा निर्णयांसाठी त्यांचे नाव घेतले जाते. मात्र त्यांच्या कारकिर्दीची सर्वांत कठीण परीक्षा घेतली ती १९७२ च्या दुष्काळाने. पीक बुडालेल्या माणसाला सरकारने काय द्यायचे, कोणत्या निकषावर द्यायचे आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या दोन वर्षांत शोधावी लागली. आज दुष्काळ जाहीर झाला की मदतीची जी चर्चा सुरू होते, तिची बरीच मुळे तिथे आहेत.

कोण होते वसंतराव नाईक?

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात, गहुली या गावी बंजारा कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव राठोड. वडील फुलसिंग तांड्याचे नाईक होते, त्यावरून नाईक हेच आडनाव रूढ झाले. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारा हा समाज रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर व्यापारातून बाहेर फेकला गेला होता. गहुलीत मात्र या कुटुंबाने शेतीत जम बसवला होता.

वसंतरावांचे शालेय शिक्षण आसपासच्या वेगवेगळ्या गावांत झाले. पुढे ते नागपूरला शिकले आणि १९४० मध्ये वकिलीची पदवी घेतली. अमरावतीत पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. १९४१ मध्ये त्यांनी वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचा हा विवाह त्या काळी विदर्भात चांगलाच गाजला आणि दोन्हीकडून विरोधही झाला.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले आणि महसूल उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा त्यांच्याकडे सहकार आणि नंतर कृषी खाते आले. १९६० मध्ये महाराष्ट्र स्थापन झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या पदावर होते. इतका काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद आजवर कोणालाही मिळालेले नाही.

महसूल, सहकार आणि कृषी ही तिन्ही खाती त्यांनी मुख्यमंत्री होण्याआधीच हाताळली होती. दुष्काळात ज्या तीन दारांशी शेतकऱ्याचा संबंध येतो, ती हीच : तलाठी, सोसायटी आणि शेती खाते.

दुष्काळी मदतीचे नियम आधी काय होते?

सरकारी मदतीची लेखी पद्धत इंग्रजांच्या काळात तयार झाली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात लाखो माणसे मेली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्याच्या आधारे प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या.

या संहितांचा गाभा सोपा होता. पाऊस गेला की आधी मोजकी कसोटीची कामे काढायची. त्यावर माणसे मोठ्या संख्येने आली, तर दुष्काळ आहे असे समजून कामे वाढवायची. काम करू शकणाऱ्याला मजुरी आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांना शिधा द्यायचा. जमीनधारकासाठी वेगळी तरतूद होती : शेतसाऱ्याची वसुली तहकूब करणे, पीक फारच बुडाले तर सूट देणे आणि बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्ज देणे. सारा तहकूब करायचा की नाही, हे आणेवारीवर ठरे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक मानून गावातल्या पिकाचा अंदाज काढला जाई. दशमान पद्धत आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली.

या नियमांत दोन मोठ्या उणिवा होत्या. कामे कधी काढायची, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे, त्यामुळे काम मिळणे हा हक्क नव्हता. शिवाय खर्च कमीत कमी ठेवण्याकडे सरकारचा कल असल्याने मजुरी जेमतेम जीव तगेल इतकीच दिली जाई.

स्वातंत्र्यानंतरही हे नियम थोड्याफार फरकाने चालू राहिले. १९६३ मध्ये महाराष्ट्राने एक वेगळाच कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळ या अर्थाचा शब्द काढून तिथे टंचाई हा शब्द घालण्यात आला. सिंचन आणि दळणवळण वाढल्याने पूर्वीसारखा दुष्काळ आता पडणार नाही, असा त्यामागचा विश्वास होता. नऊच वर्षांत तो विश्वास पणाला लागला.

जिल्हा परिषदांचा याच्याशी काय संबंध?

महसूलमंत्री असताना नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. ती नाईक समिती म्हणूनच ओळखली जाते. तिने १९६१ मध्ये अहवाल दिला. जिल्हा, तालुका आणि गाव अशा तीन पातळ्यांवर स्थानिक कारभार उभा करावा आणि त्यात जिल्हा परिषदेला सर्वांत जास्त अधिकार द्यावेत, अशी तिची शिफारस होती. त्यानुसार कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

दुष्काळाच्या दृष्टीने या निर्णयाचे महत्त्व दहा वर्षांनी कळले. १९७२ मध्ये सरकारकडे जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि तलाठी ही जुनी महसुली साखळी होतीच. तिच्या जोडीला गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, शाखा अभियंते आणि निवडून आलेले सदस्य ही नवी फळी तालुक्यापर्यंत पोहोचली होती. गावात काम निघाले नाही, तर जाब विचारायला जिल्हा परिषदेचा सदस्य जवळच सापडत होता. त्यालाही पुढची निवडणूक लढवायची होती.

स्वयंपूर्णतेच्या शब्दाचे काय झाले?

नाईक मुख्यमंत्री झाले तेव्हा देशात धान्याचा तुटवडा होता. १९६५ आणि १९६६ ही दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि अमेरिकेतून येणाऱ्या धान्यावर देशाची भिस्त होती. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या जाहीर सभेत नाईक यांनी राज्याला दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा शब्द दिला आणि तसे झाले नाही तर आपल्याला फासावर द्यावे, असे सांगून टाकले.

त्यासाठी त्यांचा भर संकरित ज्वारीवर होता. १९६४ मध्ये प्रसारित झालेले सीएसएच-१ हे बियाणे जुन्या वाणांपेक्षा कितीतरी जास्त उतारा देत होते. त्याची भाकरी गावरान ज्वारीसारखी लागत नाही, अशी तक्रार घरोघरी होती आणि हायब्रीड हा शब्द तेव्हापासून बोलीत टोमणा म्हणूनही रुजला. तरीही बियाणे पसरले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली. मलबार हिलवरच्या ज्या बंगल्यात नाईक कुटुंब राहत होते, त्याला वर्षा हे नाव याच कुटुंबाने दिले. आज तो मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान म्हणून ओळखला जातो.

उत्पादन वाढले, पण राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही. संकरित बियाण्यालाही पाणी लागतेच, आणि महाराष्ट्रातील बहुतेक शेती कोरडवाहू होती. बियाणे सुधारल्याने चांगल्या पावसाच्या वर्षी पीक वाढते, पाऊसच नसेल तर त्याचा उपयोग नसतो. हा धडा पुढच्या दुष्काळाने दिला.

१९७२ मध्ये नेमके काय घडले?

हा दुष्काळ एका वर्षाचा नव्हता. १९७० पासून पाऊस कमी पडत होता. दोन वर्षे ओढाताणीत काढल्यावर १९७२ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर, पुणे, सातारा आणि सांगलीचा पूर्व भाग, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या पट्ट्यात झळ सर्वांत जास्त होती. राज्याचे धान्य उत्पादन नेहमीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले.

सलग तिसरे वर्ष असल्याने घरात साठा उरला नव्हता. सोने-नाणे आधीच गहाण पडले होते. चारा संपल्यावर बैल मिळेल त्या किमतीला विकले गेले. जमीनदार, छोटा शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांच्यात एरवी जे अंतर असते, ते कमी झाले. पाच-दहा एकर कोरडवाहू जमीन असलेला शेतकरीही रोजंदारीच्या शोधात बाहेर पडला.

शहरांत महागाई भडकली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती स्थापन झाली आणि लाटणी घेऊन निघालेले महिलांचे मोर्चे गाजले. ग्रामीण भागात डाव्या पक्षांनी आणि संघटनांनी काम द्या, मजुरी वेळेवर द्या या मागण्यांसाठी तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेले. सरकारवर हा दबाव सतत होता आणि कामांची संख्या वाढण्यात त्याचा मोठा वाटा होता.

इतक्या लोकांना काम कसे दिले?

नाईक सरकारने मदतीचा मुख्य मार्ग म्हणून कामच निवडले. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, विहिरी, कालवे, रस्ते आणि खडी फोडणे अशी कामे जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली. जिल्हाधिकारी हा या यंत्रणेचा कणा होता. टोळी करून काम घ्यायचे, हजेरीपटावर नावे लावायची, केलेल्या कामाचे मोजमाप घेऊन मजुरी काढायची, असा क्रम होता.

१९७३ च्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाखांच्या आसपास होती. म्हणजे लहान मुले, म्हातारी माणसे आणि मुंबईकर धरूनही राज्यातील दर दहा माणसांमागे एक जण सरकारी कामावर होता. त्यात स्त्रियांची संख्या मोठी होती.

कामांवर सुकडी हा पूरक आहार दिला जाई. रेशनवर परदेशातून आलेला मिलो, म्हणजे लाल ज्वारी मिळे. मिलोची चव, सुकडीचा वास आणि खडी फोडताना हाताला आलेले फोड या त्या पिढीच्या कायमच्या आठवणी झाल्या. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की आजही गावातली वडीलधारी माणसे तिथूनच सुरुवात करतात.

रोख मजुरीचा फायदा काय झाला?

दुष्काळात दोन गोष्टी एकदम होतात. धान्य कमी पिकते, आणि शेतमजूर व शेतकरी यांची कमाई थांबते. बाजारात धान्य असूनही ते विकत घ्यायला पैसा नसेल, तर माणूस उपाशीच राहतो. म्हणून केवळ धान्याचे ट्रक पाठवून भागत नाही. माणसाच्या हातात खर्च करायला काहीतरी असावे लागते.

१९७२-७३ मध्ये केंद्राकडून मिळणारे धान्य राज्याच्या मागणीपेक्षा कमी होते. तरीही मोठा अनर्थ टळला, कारण कामावरच्या मजुरीमुळे लाखो कुटुंबे बाजारात उभी राहू शकली. जे काही धान्य उपलब्ध होते, ते मोजक्या घरांत न साठता अधिक लोकांत वाटले गेले. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी १९८९ मधील ‘हंगर अँड पब्लिक ॲक्शन’ या ग्रंथात महाराष्ट्राच्या या अनुभवाची सविस्तर चर्चा केली आहे. इतके पीक बुडूनही उपासमारीने मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले नाहीत, ही बाब त्यानंतर जगभरच्या अभ्यासकांच्या चर्चेत आली.

दुसरा फायदा निवडीचा. भर उन्हात खडी फोडायला गरज असलेलाच माणूस येतो. त्यामुळे कोण पात्र आणि कोण अपात्र, याच्या याद्या करण्यात वेळ जात नव्हता. जमीन कोणाच्या नावावर आहे, पीक किती टक्के बुडाले, यातले काहीही सिद्ध करावे लागत नव्हते.

कुठे कमी पडले?

या मदतीची काळी बाजूही तितकीच खरी आहे. सुरुवातीला कामे उशिरा निघाली. गावापासून मैलोन् मैल चालत जावे लागे. मजुरी कमी होती आणि अनेक ठिकाणी ती आठवडेच्या आठवडे थकत असे. मोजमापात आणि हजेरीपटावर गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी होत्या.

सर्वांत मोठी अडचण कामांच्या निवडीची होती. पाझर तलाव किंवा कालवा काढायचा तर आधी पाहणी, आराखडा आणि अंदाजपत्रक लागते. तसे तयार आराखडे पुरेसे नव्हते. मग एका दिवसात सुरू करता येईल असे काम काढले जाई, ते म्हणजे खडी फोडणे किंवा रस्त्यावर माती टाकणे. लाखो माणसांचे कष्ट अशा कामांत गेले, ज्यांचा पुढच्या दुष्काळात काही उपयोग नव्हता.

शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एक उणीव होती. मजुरीने त्याचे घर चालले, पण बुडालेले भांडवल परत आले नाही. विकलेली बैलजोडी, कोरडी पडलेली विहीर आणि सोसायटीचे थकलेले कर्ज तसेच राहिले. पावसाळा आला तेव्हा जमीन होती, पण नांगराला बैल नव्हते. तगाई आणि कर्जवसुलीची स्थगिती यांनी थोडा दिलासा मिळाला, तरी ती शेवटी परत करायचीच रक्कम होती.

या अनुभवातून काही माणसांनी वेगळा मार्ग धरला. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. उपलब्ध पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात वाटायचे, हे त्याचे सूत्र होते. बाबा आढाव यांची एक गाव एक पाणवठा ही चळवळही त्याच दुष्काळात सुरू झाली. पाण्यासाठी वणवण असताना दलितांना गावच्या विहिरीवर बंदी होती, हे वास्तव तिने पुढे आणले.

रोजगार हमी योजना कशी आली?

दुष्काळात काम देण्याची पद्धत जुनीच होती. ती कायमची आणि हक्काची करण्याची कल्पना वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील पागे हे स्वातंत्र्यसैनिक आणि १९६० पासून विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या प्रत्येक ग्रामीण प्रौढाला ते देण्याची जबाबदारी सरकारने घ्यावी, असा आग्रह त्यांनी मुख्यमंत्री नाईक यांच्याकडे धरला. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १ मे १९७२ रोजी राज्यासाठी रोजगार हमी योजना जाहीर झाली. मात्र लगेचच दुष्काळ तीव्र झाला आणि टंचाईच्या कामांनी सगळी यंत्रणा व्यापली. दुष्काळ ओसरल्यावर योजनेला खरी गती आली.

तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा, याचे उत्तरही महत्त्वाचे होते. १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू झाला. शहरातल्या पगारदाराच्या वेतनातून कापली जाणारी ही रक्कम ग्रामीण मजुराच्या कामासाठी वापरायची आणि तेवढीच भर राज्याने घालायची, अशी ही रचना होती. व्यवसाय कर आजही पगाराच्या पावतीवर दिसतो. त्याचे मूळ दुष्काळात आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. अर्ज केल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, ते देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात होते. भत्ता दिवसाला किमान एक रुपया इतका अल्प होता, पण सरकार काम देणे लागते ही गोष्ट कायद्याने मान्य झाली. खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम मजुरीवर जावी आणि कामे उत्पादक असावीत, ही अटही १९७२ च्या चुकांमधूनच आली. २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

नाईकांची अखेरची वर्षे

कायदा मंजूर झाला तेव्हा नाईक सत्तेत नव्हते. दुष्काळ, महागाई आणि पक्षांतर्गत हालचाली यांनंतर फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा देशभर पराभव होत असताना नाईक वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये, जन्मशताब्दी वर्षात, वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले.

आज दुष्काळी मदत कशी मिळते?

दुष्काळ जाहीर करण्याची पद्धत आता बदलली आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहिला जातो. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि पाणीसाठे हे निर्देशांक तपासले जातात. शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. या पद्धतीने महाराष्ट्राने २०१८ मध्ये १५१ आणि २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ५० पैशांहून कमी पैसेवारीचा निकषही महसूल यंत्रणेत अजून वापरात आहे.

दुष्काळ जाहीर झाला की सवलती लागू होतात : जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेनुसार पाण्याचे टँकर आणि शेतीपंपाची वीज न तोडणे. यातील पहिल्या तीन सवलती म्हणजे तहकुबी, सूट आणि तगाई यांचीच आजची रूपे आहेत.

याखेरीज ३३ टक्क्यांहून अधिक पीक बुडाल्यास रोख मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला जास्तीत जास्त १७,००० रुपये. राज्य सरकार वेळोवेळी आपल्या तिजोरीतून यात भर घालते. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. तो अपुरा पडला तर केंद्राकडे मागणी जाते आणि केंद्रीय पथक पाहणीला येते. पंतप्रधान पीक विमा योजना याहून वेगळी. तिचा लाभ नोंदणी केलेल्यांनाच मिळतो.

मग फरक कुठे पडला?

१९७२ ची मदत हातांना होती, आजची मदत सातबाऱ्याला आहे. रोख अनुदान ज्याच्या नावावर जमीन त्याच्या खात्यात जाते. बटाईने शेती कसणारा, घरच्या शेतात राबणारी पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई आणि दुसऱ्याच्या बांधावर जाणारा मजूर यांचे पीक बुडाले तरी पंचनाम्यात त्यांचे नाव येत नाही. त्यांच्यासाठी रोजगार हमी हाच आधार उरतो. तिथे कामाची मागणी नोंदवणे, आराखडे तयार असणे आणि मजुरी वेळेवर मिळणे या तीन ठिकाणी घोडे अडते. १९७२ मध्येही ते इथेच अडले होते.

उलट, नुसत्या कामाने शेतकऱ्याचे भांडवल परत येत नाही, हे त्या दुष्काळाने दाखवले होते. पीकनुकसानीची भरपाई त्यासाठी लागतेच. एक मदत दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

दुष्काळाचे रूपही बदलले आहे. जुन्या लोकांच्या सांगण्यानुसार बहात्तरला धान्य नव्हते, पण अनेक गावांत विहिरीच्या तळाशी पाणी होते. आता दुकानात धान्य असते आणि बोअरवेल कोरडी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. रेशनवरच्या धान्याने पोट भरते, पण फळबाग जळते, जनावरे छावणीत जातात आणि कर्ज वाढते.

तेव्हाच्या सरकारची दोन कामे मात्र आजही उपयोगी आहेत. गावागावापर्यंत पोहोचणारी यंत्रणा दुष्काळाच्या आधी उभी होती, आणि मदतीसाठी माणसाने आपले नुकसान सिद्ध करत बसावे, अशी अट कामावर नव्हती. तयार आराखडे नसल्याने खडी फोडण्यात गेलेले कष्ट हा त्याच काळाचा दुसरा धडा. पाझर तलाव, गाळ काढणे, बांधबंदिस्ती यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीकडे पावसाळ्यापूर्वी मंजूर होऊन तयार असेल, तर पुढच्या टंचाईत निघणारे काम त्यानंतरच्या टंचाईत पाणी देईल. गावाचा कामांचा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. त्यात आपल्या शिवारातले काम आहे की नाही, हे तिथे कोणत्याही ग्रामस्थाला विचारता येते.